कर्ण्याचं शास्त्र कुणाकडून कुणाकडे गेलं

थिएटरच्या पडद्यामागे, सभेच्या मैदानात, मिरवणुकीच्या ट्रकवर जे कर्ण्याचे स्पीकर लागतात, त्यांचा मूळ आराखडा १९२६ ते १९५६ या तीस वर्षांत अमेरिकेत पक्का झाला. तो पक्का करणारी माणसं मोजकी होती आणि त्यातली बरीचशी एकमेकांना ओळखत होती. कुणी एकाच प्रयोगशाळेत होते, कुणी एकाच कंपनीत पुढेमागे काम केलं, कुणी दुसऱ्याचं पेटंट परवान्यावर घेतलं, तर कुणी फक्त शोधनिबंध वाचून पुढचं पाऊल टाकलं. हे धागेदोरे कळले की एका ड्रायव्हरचा (कर्ण्यामागे बसून आवाज काढणाऱ्या भागाचा) घसा, म्हणजे कर्ण्यात उघडणारं भोक, २ इंची का आणि दुसऱ्याचा १.४ इंची का, हेही उलगडतं. पण माणसांकडे वळण्याआधी कर्ण्याचं काम नीट समजायला हवं, नाहीतर कुणी काय सोडवलं ते कळणार नाही.

कर्णा नेमकं काय करतो

हवा फार हलकी असते. स्पीकरचा पडदा तिला ढकलतो तेव्हा समोरून विरोधच मिळत नाही. चेन उतरलेल्या सायकलचं पायडल मारावं तसं होतं: पाय भरपूर फिरतो, काम काही होत नाही. साध्या कोन स्पीकरला दिलेल्या विजेतला शेकडा एक-दोन भाग आवाज होऊन बाहेर येतो, बाकीची वीज पडदा हलवणारी तारेची कॉइल तापवण्यात जाते. कर्णा लावला की पडद्यासमोर अरुंद नळी येते. तिथल्या हवेला बाजूला सरकायला जागा नसते, त्यामुळे पडद्याला भार मिळतो. नळी हळूहळू रुंदावते, दाब उतरत जातो, हलणाऱ्या हवेचं प्रमाण वाढत जातं आणि तोंडाशी पोचेपर्यंत लाट बाहेरच्या हवेत सहज मिसळते. चांगल्या कर्ण्यात शेकडा वीस-तीस भागांचा आवाज होतो. बोलपट आले तेव्हा थिएटरचा अँप्लिफायर दहा-पंधरा वॉटचा असायचा. तेवढ्यावर हजार-दोन हजार माणसांचं सभागृह भरायचं, तर कर्ण्याशिवाय दुसरा मार्ग नव्हता.

कर्णा किती खालचा सूर वाजवणार, हे नळी किती वेगाने रुंदावते यावर ठरतं. एक्स्पोनेन्शियल कर्ण्यात ठरावीक अंतर गेलं की क्षेत्रफळ दुप्पट होतं. ५०० हर्ट्झपर्यंत उतरणारा कर्णा हवा असेल तर हे अंतर सुमारे ३.८ सेंटिमीटर; १०० हर्ट्झसाठी १९ सेंटिमीटर; ५० हर्ट्झसाठी ३८. दुसरी अट तोंडाची: तोंडाचा परीघ त्या सर्वांत खालच्या सुराच्या एका तरंगलांबीइतका तरी असावा, नाहीतर लाट तोंडाशी येऊन परत फिरते आणि आवाज पोकळ, पिपाणीसारखा होतो. हे दोन्ही एकत्र मांडून पाहा. १ इंची घसा घेऊन ५०० हर्ट्झचा कर्णा केला तर लांबी सुमारे २४ सेंटिमीटर आणि तोंडाचा व्यास २२ सेंटिमीटर भरतो, टेबलावर मावतो. त्याच घशावर १०० हर्ट्झचा कर्णा केला तर लांबी २ मीटरच्या वर जाते आणि तोंड १ मीटर १० सेंटिमीटर होतं. पुढची सगळी धडपड या आकड्यांमुळे झाली.

आणि ठरलेल्या मर्यादेखाली कर्णा भार देतच नाही. चेन पुन्हा उतरते. सूर एक सप्तक खाली गेला की तेवढ्याच आवाजासाठी पडद्याची हालचाल दुप्पट होते, आणि मर्यादेच्या खाली तिला आवरणारं कुणी नसतं. त्यामुळे ज्या ड्रायव्हरला १००० हर्ट्झखालचे सूर द्यायचे नसतात त्याला कुणी ५०० पर्यंतचे सूर दिले तर तो बहुधा कॉइल जळून जात नाही, पडदा कडेला तडकून जातो. उघडून पाहिलं की कारण लगेच ओळखता येतं: काळवंडलेली कॉइल म्हणजे वॉट जास्त झाले, तडकलेली कड म्हणजे क्रॉसओव्हर, अर्थात खालचे सूर जिथे तोडायचे ती हद्द, चुकला.

गणित एकाचं, धातू दुसऱ्याचा

कर्ण्याने मोठा आवाज होतो हे व्यवहारात आधीच सिद्ध झालं होतं. डेन्मार्कहून अमेरिकेत आलेला पीटर जेन्सन आणि त्याचा भागीदार एडविन प्रिडम यांनी कॅलिफोर्नियातल्या नापा गावात फिरत्या कॉइलचा स्पीकर कर्ण्याला जोडला आणि १९१५ साली नाताळच्या आदल्या दिवशी सॅन फ्रान्सिस्कोच्या सिटी हॉलसमोर जमलेल्या गर्दीला ऐकवला. मॅग्नाव्हॉक्स कंपनी यातूनच उभी राहिली. सप्टेंबर १९१९ मध्ये राष्ट्राध्यक्ष विल्सन यांचं सॅन दिएगोचं भाषण याच यंत्रणेवर झालं. पण जेन्सन-प्रिडम यांचे कर्णे अंदाजाने केलेले होते.

गणित आलं विद्यापीठातून. क्लार्क विद्यापीठातले भौतिकशास्त्रज्ञ आर्थर गॉर्डन वेब्स्टर यांनी कर्ण्यातल्या लाटेचं समीकरण मांडणारा निबंध १९१४ साली वाचला आणि तो १९१९ साली छापून आला. आजही कर्ण्याची सॉफ्टवेअरं ज्यावर चालतात ते समीकरण हेच. वेब्स्टर यांना लाऊडस्पीकर करायचा नव्हता. त्यांचा रस ध्वनी मोजण्यात होता. त्यांचं गणित कारखान्यात आणलं ते वेस्टिंगहाउसच्या क्लिंटन हॅना आणि जोसेफ स्लेपियन यांनी. १९२४ च्या त्यांच्या निबंधात एक्स्पोनेन्शियल आकार का घ्यावा, तोंड किती ठेवावं, घसा किती अरुंद करावा याची आकडेमोड आहे. तेव्हापासून कर्ण्याचा आकार डोळ्यांनी ठरवायची गरज उरली नाही.

तिसरा दुवा टेलिफोनची यंत्रं बनवणाऱ्या वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीचा. एडवर्ड वेंट १९१४ पासून तिथे होता आणि कंडेन्सर मायक्रोफोन त्याचाच. त्याच्या जोडीला आल्बर्ट थुरास आला. पुढे १९३२ साली बेस-रिफ्लेक्स पेटीचं पेटंट ज्याच्या नावावर झालं तोच हा थुरास. म्हणजे घरातल्या साध्या भोक असलेल्या स्पीकरचं मूळही याच खोलीत आहे. या दोघांनी केलेला ५५५ क्रमांकाचा ड्रायव्हर ६ ऑगस्ट १९२६ ला न्यूयॉर्कमध्ये वॉर्नरच्या 'डॉन जुआन' या चित्रपटासोबत लोकांसमोर आला. अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा पातळ पडदा, त्यावर अॅल्युमिनियमच्या पट्टीची उभी गुंडाळलेली कॉइल, आणि पडद्यासमोर फेज प्लग.

या फेज प्लगपाशी थोडं थांबायला हवं, कारण पुढची पन्नास वर्षं सगळ्यांनी यावरच काम केलं. पडदा ७ सेंटिमीटर रुंद आणि घसा त्याच्या मध्यावर आहे असं धरा. पडद्याच्या मध्यातून निघालेला आवाज घशात लगेच पोचतो, कडेचा साडेतीन सेंटिमीटर जास्त चालून येतो. ५००० हर्ट्झला तरंगलांबी सुमारे ७ सेंटिमीटर, म्हणजे साडेतीन सेंटिमीटर ही बरोबर अर्धी लाट. मधला आवाज ढकलत असतो तेव्हा कडेचा ओढत असतो; दोघे एकमेकांना खातात आणि स, श, टाळ, झांज सगळं गायब. वेंटने पडद्याला जवळजवळ चिकटून धातूचा गोळा बसवला आणि त्यात अशा गोल चिरा ठेवल्या की पडद्याचा कोणताही भाग घशापासून सारख्याच अंतरावर राहील. त्या चिरांचं क्षेत्रफळ पडद्याच्या साधारण आठव्या-दहाव्या भागाइतकं ठेवलं की दाबही हवा तेवढा मिळतो. पडदा आणि गोळा यांच्यातली फट अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते. पडदा मर्यादेखाली वाजवला की तो या गोळ्यावर आपटतो, आणि वर सांगितलेली तडकलेली कड तिथून सुरू होते. चिरा नेमक्या कुठे पाडल्या म्हणजे फटीतल्या हवेची स्वतःची कंपनं दबतात, याचा हिशोब बॉब स्मिथ यांनी १९५३ साली मांडला. तोवर हे काम अनुभवावर चाललं होतं.

एक कर्णा पुरेना

५५५ एकटाच सगळे सूर वाजवत होता, तोही दहा फुटांहून लांब, गुंडाळलेल्या कर्ण्यावर. खालचा बेस आणि वरची किनार दोन्ही अपुरे. २७ एप्रिल १९३३ ला बेल लॅब्जच्या, म्हणजे वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या संशोधन विभागातून झालेल्या प्रयोगशाळेच्या, हार्वे फ्लेचर यांनी फिलाडेल्फियात वाजणारा वाद्यवृंद टेलिफोनच्या तारांवरून वॉशिंग्टनच्या कॉन्स्टिट्यूशन हॉलमध्ये तीन वेगळ्या चॅनेलांवर ऐकवला. वाद्यवृंदाचे संचालक स्टोकोव्स्की वॉशिंग्टनमध्ये आवाजाच्या बटणांपाशी बसले होते. यासाठी वेंट आणि थुरास यांनी काम दोन कर्ण्यांत वाटलं: ३०० हर्ट्झखाली घडी घातलेला मोठा कर्णा, वर मल्टिसेल, म्हणजे अनेक छोटे कर्णे एका जुडीत बांधलेला. जुडी कशासाठी, तर एक्स्पोनेन्शियल कर्णा वरच्या सुरांत आवाज टॉर्चच्या झोतासारखा अरुंद करतो. मधल्या खुर्चीवर लख्ख ऐकू येतं, कडेला मंद. छोटे कर्णे वेगवेगळ्या दिशांना तोंड करून बांधले की झोत पसरतो. हा झोत पसरवण्याचा प्रश्न लक्षात ठेवा. पुढे तो आणखी दोनदा भेटतो.

हॉलिवूडला हे हवं होतं. एमजीएम स्टुडिओचा ध्वनिप्रमुख डग्लस शिअरर याने स्वतःच दोन भागांचा कर्णा करायचं ठरवलं आणि माणसं जमवली: स्टुडिओतले जॉन हिलियर्ड, क्रॉसओव्हरचं गणित करणारे किंबॉल, मल्टिसेल कर्ण्यावर रॉबर्ट स्टीव्हन्स, आणि ड्रायव्हरसाठी लॉस एंजेलिसची छोटीशी लॅन्सिंग मॅन्युफॅक्चरिंग कंपनी. तिथे मालक जेम्स बी. लॅन्सिंग आणि तरुण भौतिकशास्त्रज्ञ जॉन ब्लॅकबर्न. लॅन्सिंगचं जन्मनाव जेम्स मार्टिनी. केन डेकर या भागीदाराबरोबर त्याने १९२७ साली कंपनी काढली होती. लॅन्सिंगने कारखाना बघायचा आणि डेकरने पैसा, अशी वाटणी.

इथे जे घडलं ते या क्षेत्रात अजून शिकवलं जातं. बेल लॅब्जच्या धर्तीवरच्या लांब घडीच्या बेस कर्ण्यासमोर एलिनॉर पॉवेल हिचं टॅप नृत्य वाजवलं, तर बुटाचा एक ठोका दोनदा ऐकू येऊ लागला. आवाज एका फुटाला साधारण ०.९ मिलिसेकंद घेतो. बेसचा आवाज घडीतून आठ-नऊ फूट जास्त फिरून येत असेल तर तो सात-आठ मिलिसेकंद मागे राहतो. वाद्यवृंदाच्या लांब सुरात ते कळत नाही, बुटाच्या ठोक्यात कळतं. उपाय म्हणून बेसचा कर्णा आखूड केला आणि वरचा कर्णा अशा बेताने मागे सरकवला की दोघांचे पडदे ऐकणाऱ्यापासून जवळजवळ सारख्या अंतरावर येतील.

आजही ट्रकवर बेसच्या पेट्यांवर टॉप, म्हणजे वरच्या सुरांची पेटी, चढवताना हेच चुकतं. क्रॉसओव्हर ५०० हर्ट्झला असेल तर तिथली अर्धी लाट ३४ सेंटिमीटरची. टॉप तेवढा पुढे-मागे सरकला की नेमक्या क्रॉसओव्हरवर आवाजात खड्डा पडतो, आणि तो खड्डा इक्वलायझर वाढवून भरत नाही. नुसती कॉइल तापते. डिजिटल प्रोसेसर असेल तर पुढच्या पेटीला डिले द्यावा: ३४ सेंटिमीटरला १ मिलिसेकंद.

शिअरर हॉर्नला १९३६ सालासाठी अॅकॅडमीचा तांत्रिक पुरस्कार मिळाला. तो लॅन्सिंगने बनवला तसाच आरसीए या रेडिओ कंपनीनेही बनवला. (याच एमजीएमने १९३८ साली मुंबईत धोबीतलावला मेट्रो सिनेमा उभारला.) आरसीएच्या प्रयोगशाळेत हॅरी ओल्सन आणि फ्रँक मासा हे दोघे कर्ण्यावर स्वतंत्रपणे काम करत होते आणि त्यांची पाठ्यपुस्तकं पुढच्या पिढीतल्या जवळजवळ प्रत्येक इंजिनिअरच्या टेबलावर होती. ओळख नसलेल्या माणसांना जोडणारा दुवा म्हणजे ही पुस्तकं, आणि १९२९ साली निघालेलं अमेरिकन अकूस्टिकल सोसायटीचं नियतकालिक. सोसायटीचे पहिले अध्यक्ष फ्लेचरच होते.

न्यायालयाने जोडलेली माणसं

पुढची जोडणी कायद्याने घडवली, आणि ती समजली नाही तर आल्टेक-लॅन्सिंग हे जोडनाव कुठून आलं ते कळत नाही. वेस्टर्न इलेक्ट्रिकची ईआरपीआय ही उपकंपनी थिएटरांना ध्वनियंत्रणा भाड्याने द्यायची आणि दुरुस्तीही करायची. मक्तेदारीविरोधी खटल्यामुळे १९३७-३८ मध्ये तिला या धंद्यातून बाहेर पडावं लागलं. तिथल्याच इंजिनिअरांनी दुरुस्तीचं काम विकत घेऊन आल्टेक सर्व्हिस नावाची कंपनी काढली. तिच्याकडे हजारो थिएटरांचे करार आणि हुशार माणसं होती. सुटे भाग बनवणारा कारखाना तेवढा नव्हता. लॅन्सिंगकडे कारखाना होता, पण १९३९ साली डेकर विमान अपघातात गेला आणि हिशोब कोलमडला. डिसेंबर १९४१ मध्ये आल्टेकने लॅन्सिंगची कंपनी विकत घेतली आणि लॅन्सिंग आल्टेक-लॅन्सिंगचा इंजिनिअरिंग उपाध्यक्ष झाला. युद्धकाळात हिलियर्डही तिथे आला.

म्हणजे वेस्टर्न इलेक्ट्रिकची माणसं, एमजीएमचा हिलियर्ड आणि लॅन्सिंग एका छपराखाली. १९४५ ची 'व्हॉइस ऑफ द थिएटर' मालिका या एकत्र येण्याचं फळ. तोवरच्या ड्रायव्हरांना चुंबकासाठी वेगळा वीजपुरवठा लागायचा. ५५५ च्या फील्ड कॉइललाच ७ व्होल्ट आणि दीड अँपिअर द्यावे लागत. युद्धात अल्निको-५ हा विजेशिवाय चालणारा कायम चुंबक आला आणि ती भानगड संपली. २८८ हा वरचा ड्रायव्हर शिअरर हॉर्नच्या ड्रायव्हराचाच वारस: सुमारे २.८ इंची कॉइल, १.४ इंची घसा. घरासाठी आणि स्टुडिओसाठी एकाच पोटात बेस आणि कर्णा बसवलेला ६०४ ड्युप्लेक्सही याच काळातला.

करार संपताच १९४६ साली लॅन्सिंग बाहेर पडला आणि त्याने स्वतःची कंपनी काढली. नुसतं लॅन्सिंग हे नाव वापरायला आल्टेकने हरकत घेतली, म्हणून संपूर्ण नाव घालून जेम्स बी. लॅन्सिंग साउंड, म्हणजे जेबीएल. माझ्या मते या सगळ्यांत धातूकाम त्याच्याइतकं कुणालाच कळत नव्हतं: ४ इंची कॉइल सपाट पट्टीच्या तारेने उभी गुंडाळून १५ इंची कोनला बसवायची डी-१३० ची करामत आजही मोडून पाहण्यासारखी आहे. धंदा मात्र जमला नाही. कर्जाच्या ओझ्याखाली सप्टेंबर १९४९ मध्ये त्याने आयुष्य संपवलं. कंपनी विल्यम थॉमस यांनी सावरली.

जेबीएलमध्ये बेल लॅब्जचा वारसा दुसऱ्या दाराने आला. वेस्टर्न इलेक्ट्रिकचा ५९४-ए हा ४ इंची पडद्याचा, २ इंची घशाचा ड्रायव्हर १९३० च्या दशकात थिएटरांत होता. १९५४ च्या सुमाराचा जेबीएल ३७५ त्याच्याच मापावर आहे. त्याच काळात कॅलटेकमध्ये शिकलेला बार्ट लोकँथी जेबीएलला मदत करू लागला. स्पीकरच्या यांत्रिक भागांना विजेच्या मंडलासारखं मांडून कागदावर आधीच उत्तर काढायची पद्धत त्याने १९५२ साली लिहून ठेवली. बेल लॅब्जचे विन्स्टन कॉक आणि एफ. के. हार्वे यांनी १९४९ साली तिरक्या पट्ट्यांतून आवाज वाकवण्याचे प्रयोग छापले होते. लोकँथीने ते उचलून कर्ण्यापुढे लावायची लेन्स केली. झोत पसरवण्याचं दुसरं उत्तर हे. बिल हार्ट्सफील्ड यांनी आखलेल्या १९५४ च्या कोपऱ्यातल्या मोठ्या स्पीकरमध्ये ३७५ ड्रायव्हर, पुढे ती लेन्स आणि खाली घडीचा बेस कर्णा, असे तीन धागे एका पेटीत आले.

लोकँथी १९७५ नंतर जपानच्या पायोनिअरकडे गेला आणि टीएडी या त्यांच्या व्यावसायिक शाखेचा टीडी-४००१ ड्रायव्हर घडवला. ४ इंची पडदा तोच, धातू मात्र बेरिलियम: हलका आणि ताठ, त्यामुळे पडदा वरच्या सुरांत मुडपत नाही. एक धोका सांगायलाच हवा. बेरिलियमची धूळ फुप्फुसांना घातक असते. असा पडदा फुटला तर तुकडे हाताने गोळा करू नका, फुंकर मारू नका, कानस तर अजिबात लावू नका.

होप गावातला माणूस

पॉल क्लिप्श या साखळीच्या बाहेरचा. तेलाच्या शोधासाठी भूगर्भ तपासणारा इंजिनिअर, त्याआधी चिलीमध्ये विजेची इंजिनं सांभाळलेली, आणि युद्धात आर्कन्सामधल्या होप गावच्या लष्करी चाचणी केंद्रावर नेमणूक. १९४१ साली त्याने अकूस्टिकल सोसायटीच्या नियतकालिकात लहान मापाच्या बेस कर्ण्याचा आराखडा छापला, १९४३ साली पेटंट मिळालं आणि १९४६ साली होपमध्येच कंपनी काढली.

त्याची युक्ती अशी. ५० हर्ट्झच्या कर्ण्याला मोकळ्या जागेत पावणेचार चौरस मीटरचं तोंड लागतं. जमिनीवर ठेवला की निम्मं पुरतं, भिंतीला लावला की त्याच्याही निम्मं, कोपऱ्यात एक अष्टमांश: अर्ध्या चौरस मीटरहून कमी. खोलीच्या भिंतीच कर्ण्याचा शेवटचा भाग होतात. शिवाय बेस ड्रायव्हरच्या पाठीमागे त्याने बंद पेटी ठेवली आणि तिच्यातल्या हवेचा ताठरपणा असा बेतला की मर्यादेजवळ घशातली हवा जो जडपणा दाखवते तो त्याने कापला जावा.

क्लिप्शहॉर्नमध्ये, म्हणजे या कोपऱ्यातल्या स्पीकरमध्ये, बेस येत नाही अशी तक्रार असली की तीन गोष्टी तपासायच्या. मागची पेटी हवाबंद आहे का. झडपेचं बूच किंवा सील सुटलं की सगळं गणित जातं. पेटी भिंतीला घट्ट टेकते का. खालच्या स्कर्टिंगमुळे राहिलेली बोटभर फट फोमच्या पट्टीने बुजवावी. आणि भिंत कसली आहे. पोकळ जिप्समची भिंत स्वतःच थरथरते आणि बेस गिळते. कोपऱ्यापासून दोन्ही बाजूंना साधारण सव्वा मीटर भिंत मोकळी हवी; दार किंवा खिडकी आली तर कर्णा तिथेच संपतो.

क्लिप्श एकट्याने काम करत असला तरी सुटे भाग एकट्याचे नव्हते. सुरुवातीच्या काही क्लिप्शहॉर्नमध्ये बेस ड्रायव्हर रॉबर्ट स्टीव्हन्सच्या कंपनीचा आहे. एमजीएमच्या गटातला तोच स्टीव्हन्स, पुढे ट्रूसॉनिक नावाने स्वतंत्र झालेला. वरच्या सुरांचा के-७७ ड्रायव्हर म्हणजे इलेक्ट्रो-व्हॉइस कंपनीचा टी-३५. उलट बाजूने इलेक्ट्रो-व्हॉइसने आपल्या पेट्रिशियन स्पीकरसाठी क्लिप्शचा बेस कर्णा परवान्यावर घेतला. आणि दोन कोपऱ्यांच्या मध्ये तिसरा स्पीकर ठेवायचा आग्रह क्लिप्शने धरला तो फ्लेचर यांच्या १९३३ च्या तीन चॅनेलांच्या प्रयोगाचा दाखला देऊन. त्या मधल्या जागेसाठीच त्याने १९५७ साली हेरेसी हा स्पीकर केला.

इंग्लंडमधली शाखा निराळी. पॉल व्हॉइट यांनी १९२० च्या दशकात ट्रॅक्ट्रिक्स आकाराचं पेटंट घेतलं. लाट सपाट नसून गोलाकार पुढे सरकते असं धरून काढलेली ही वक्ररेषा. तोंडाजवळ ती एक्स्पोनेन्शियलपेक्षा झपाट्याने उघडते, म्हणून लांबी वाचते. व्हॉइट १९५० साली कॅनडाला गेले आणि त्यांचं काम लोथर कंपनीत डोनाल्ड चेव्ह यांनी चालू ठेवलं. अमेरिकेच्या साखळीशी यांचा थेट व्यवहार जवळजवळ नाही, आणि त्यामुळेच की काय, हा आकार बराच काळ मुख्य प्रवाहाबाहेर राहिला. पीटर जेन्सनने मॅग्नाव्हॉक्स सोडून १९२७ साली शिकागोत काढलेल्या कंपनीत व्हिन्सेंट सॅमन यांनी हायपेक्स कर्ण्यांचं कुटुंब मांडलं, ते १९४६ साली छापून आलं: घशाजवळ सावकाश, पुढे वेगाने, आणि मर्यादेजवळ भार जास्त.

तिसरं उत्तर

झोत पसरवण्याचं तिसरं उत्तर डॉन कील यांचं, आणि त्यांची नोकऱ्यांची यादीच या जगाचा नकाशा आहे: १९७२ ते ७६ इलेक्ट्रो-व्हॉइस, मग थोडा काळ क्लिप्श, १९७७ पासून जेबीएल. मल्टिसेलमध्ये जुडीतल्या कर्ण्यांच्या सीमेवर आवाज खालीवर होतो; लेन्स वरच्या सुरांत थोडा आवाज खाते. कील यांनी १९७५ साली एक्स्पोनेन्शियल आकारालाच हात घातला: घशाजवळ एक्स्पोनेन्शियल, पुढे सरळ भिंतींचा शंकू, आणि तोंडाशी पुन्हा रुंद. कोन भिंती ठरवतात, त्यामुळे तो सगळ्या सुरांत जवळजवळ सारखा राहतो. आल्टेकच्या हेन्रिकसन आणि उरेडा यांचा मँटारे कर्णा १९७८ चा, त्याच दिशेचा.

याची किंमत मोजावी लागते. आधी वरचे सूर झोतात गोळा होऊन जोरदार वाटायचे. आता ते सगळीकडे वाटले गेल्याने ३-४ हजार हर्ट्झपासून समोरचा आवाज दर सप्तकाला सुमारे ६ डेसिबलने उतरतो. तो इक्वलायझरने उचलावा लागतो, नाहीतर कर्णा मिणमिणता वाटतो आणि दोष ड्रायव्हरला दिला जातो. जेबीएलच्या ४४३० या स्टुडिओ स्पीकरमध्ये क्रॉसओव्हर १००० हर्ट्झला ठेवला, कारण तिथे १५ इंची बेसचा पसारा आणि कर्ण्याचे १०० अंश जुळतात.

जुना ड्रायव्हर हातात आल्यावर

आधी घसा मोजा. १ इंच म्हणजे आल्टेक ८०२ किंवा जेबीएल १७५ च्या कुळातला, १.४ म्हणजे २८८ च्या, २ इंच म्हणजे ५९४-ए आणि ३७५ च्या. १.४ इंची ड्रायव्हर २ इंची कर्ण्यावर अॅडॉप्टरने बसतो, पण घशात पायरी राहिली तर वरचे सूर तिथेच आपटून परततात. अॅडॉप्टर आतून निमुळता हवा.

पडदा बदलताना कोणतं टर्मिनल लाल हे आधी खूण करून ठेवा. चुंबकाची फट चिकटपट्टी दुमडून पुसा, कारण लोखंडाचा एक कण कॉइल घासायला पुरतो. नवा पडदा बसवून स्क्रू समोरासमोरच्या जोड्यांनी थोडे थोडे आवळा. मग क्रॉसओव्हरच्या वर राहून अगदी मंद आवाजात साइन सूर (एकच शुद्ध सूर) हळूहळू वर न्या. खरखर आली तर कॉइल घासते आहे. स्क्रू सैल करून पडदा केसभर हलवा आणि पुन्हा आवळा.

शेवटी ध्रुवता. जुन्या जेबीएलमध्ये लाल टर्मिनलला धन दिलं की पडदा आत जातो. इतरांच्यात सहसा बाहेर येतो. बेसला दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवून कोन कुठे जातो ते दिसतं, पण कर्ण्याच्या ड्रायव्हरचा पडदा दिसत नाही. त्यामुळे क्रॉसओव्हरच्या सुरावर दोन्ही वाजवा, कर्ण्याच्या तारा एकदा उलट जोडून ऐका, आणि ज्या जोडणीत तो सूर मोठा ऐकू येतो ती कायम करा.